दोषांच्या रकान्यात

हिल्के यूनिया नकाशे घेऊन येतो
तेव्हा छत्री स्वतःवर धरत नाही,
नळकांड्यावर धरतो.
एकतीस वर्षं हार्लिंगनच्या बंदराचे दरवाजे त्याच्याकडे होते:
समुद्र किती आत घ्यायचा, कधी बाहेर काढायचा.
म्हणून असेल,
बोलतानाही तो शब्द मोजूनच सोडतो.

"तीन आहेत," म्हणाला. "पण पत्रा एकच."

मी कागद धुणारी बाई.
कोमट पाण्यात जुनी खळ सुटते
तेव्हा खोलीभर शिळ्या पावाचा वास येतो,
आणि कागद अंग सैल सोडतो,
तापातून उठलेल्या माणसासारखा.

पहिला छाप ताज्या तांब्यावरचा.
रेघा इतक्या खोल की बोटाला लागतात.
किनाऱ्यालगत आल्डेवीर: एक मनोरा, चार घरं,
आणि शेजारच्या कुरणात, हिरव्या रंगात,
कुणाचा तरी अंगठा.
रंग भरायला तेव्हा पोरी बसत,
शेकड्यावर मजुरी.
एखादीला त्या दिवशी घाई असावी.
"तो धुऊ नकोस," हिल्के म्हणाला.
मी धुणार नव्हतेच.

दुसरा छाप पंचवीस वर्षांनंतरचा.
कोपऱ्यातल्या वेलबुट्टीत नवा मालक, नवं नाव.
गाव जागच्या जागी.
खरं तर तोवर ते पाण्याखाली गेलेलं,
एका नोव्हेंबरात, एका रात्रीत,
पण दूर अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पत्रा कोरणाऱ्याला
कोण कळवायला जाणार?
मेल्यावर अकरा वर्षं आल्डेवीर कागदावर नांदलं.
लोकांनी पैसे मोजून ते भिंतीला लावलं.

तिसऱ्यात पाणी.
बारीक ठिपके, म्हणजे वाळू. ओहोटीला उघडी पडणारी.
पत्रा पालथा घालून मागून ठोकायचा,
पुढून घासायचा, तुळतुळीत करायचा.
गाव पुसायला फार तर एक दुपार.
समुद्रालाही याहून जास्त वेळ लागला होता.

"यिक्कंचं माहेरचं आडनाव," हिल्के म्हणाला.
मी मान वर केली.
"आल्डेवीर. दगडावर तेच घातलंय.
येणारे जाणारे विचारतात, हे कुठं आलं."
मग तो खिडकीतून बराच वेळ
भरती बघत राहिला, किंवा काहीच बघत नसेल.

त्या रात्री मी दिवा टेबलाच्या कडेला आडवा ठेवला.
सरळ उजेडात कागद गप्प असतो.
तिरपा पडला की कबूल करतो.
ठिपक्यांच्या खाली, केसाहून बारीक, राखी:
मनोऱ्याची उभी रेघ.
एका छपराचा उतार.
नावाची शेवटची दोन अक्षरं.

तांबं पुरतं विसरत नाही.
छापणारा शाई चोळतो, पुसतो, पुन्हा चोळतो,
आणि घासलेल्या जागीही
थोडी कुठंतरी अडकून राहते.

दुसऱ्या दिवशी हिल्केनं चष्मा काढला, पुसला, घातला.
वाकला. वाकूनच राहिला.
"मनोरा जरा डावीकडे सरकलाय का?"
"नाही. तिथेच आहे."
"बरं."

कागद परत देताना एक तक्ता भरावा लागतो.
डाग: तपकिरी, सात-आठ.
किडीची भोकं: दोन, दोन्ही समुद्रात.
घडी: मधोमध, फाटायला आलेली.
त्याखाली, सवयीनं, मी लिहिलं होतं:
पुसलेल्या गावाचा अंश, डावीकडे खाली.

त्यानं बोट ठेवून ओळ न ओळ वाचली,
भरतीचं वेळापत्रक वाचावं तशी.
बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.
"हे दोषात नको."
"मग कुठं लिहू?"

कागद, शाई, रंग, दोष.
रकाने एवढेच.
त्यानं तक्ता उलटून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.
मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे.
पण तो उभाच, ओली छत्री फरशीवर गळत,
आणि दरवाजे उघडण्याआधी पाणी समपातळीला यायची
वाट बघायची सवय एकतीस वर्षांची.

शेवटी मी शाईच्या रकान्यात लिहिलं:
मनोरा एक. छप्पर एक.
अक्षरं दोन.
फिकट, पण आहेत.